हिरावहिनींची साक्ष

वीजमीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस बदलापूरच्या खरवईतल्या आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या इमारती सकाळी उरकायचा आणि आमची तेवढी जेवणाच्या वेळेला ठेवायचा. कारण तळमजल्यावर हिरावहिनी राहायच्या. दार उघडल्यावर 'कोण?' किंवा 'काय पाहिजे?' असं त्या कधी विचारत नसत. "जेवलास का?" हा पहिला प्रश्न. 'हो' म्हटलं तर "काय जेवलास?" हा दुसरा, आणि त्या उत्तरात जरा कच्चं सापडलं की माणूस पाटावर बसलाच म्हणून समजा. कुरिअरवाला, टँकरचा ड्रायव्हर, मंडळाची वर्गणी मागायला आलेली पोरं, कुणाची सुटका नसे. आम्ही राहायला आलो त्या दिवशी आमचं सामान अजून टेंपोतच होतं आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी खात होते. मी जन्मात मासळीला हात लावलेला नव्हता. पण ते सांगायला त्यांनी मला वेळच दिला नाही.

आमची इमारत उभी आहे ती त्यांच्याच भाताच्या खाचरावर. जमीन बिल्डरला गेली, बदल्यात भावाभावांना फ्लॅट मिळाले आणि वहिनींच्या नवऱ्याचा, दामोदरचा, एका वर्षात दामूशेठ झाला. सरकारी नोकरी होतीच, आता गळ्यात साखळी आणि दारात गाडीही आली. हिरावहिनींनी मात्र स्वयंपाकघरातला गॅस चहापुरता ठेवला आणि इमारतीच्या मागे विटा रचून चूल मांडली. भाकरी तिच्यावरच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये धुराची तक्रार करणाऱ्यांच्याच घरी भाकरी पोचल्या, तेव्हा तो विषय आपोआप मिटला. मी अंबरनाथच्या एका शाळेत शिकवते, म्हणून मी त्यांची 'बाई'. शाळेतून थकून आले की मागून हाक यायची, "बाई, वर नंतर जा. पयलं दोन घास खा."

दामूशेठ म्हणजे चारचौघांत अतिशय गोड माणूस. कुणाच्या हळदीला बोलावलं की सगळ्यांत आधी हजर, नाचायला पुढे, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला गाडी काढणार. बदलापुरात त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडला नसता. मी त्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत होते म्हणून मला वेगळं ऐकू यायचं. भांडं आपटल्याचा आवाज, मग तिची एक अर्धवट हाक, मग टीव्हीचा आवाज एकदम मोठा. दुसऱ्या दिवशी वहिनींच्या गालावर निळं काहीतरी असायचं आणि "मोरीत घसरले" हे ठरलेलं उत्तर. त्या मोरीत त्या इतक्या वेळा घसरल्या की दामूशेठने तिथली फरशी का बदलली नाही हे एकदा त्यालाच विचारावं असं मला वाटायचं.

एकदा मीठ मागायला खाली गेले, तर स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप. घराच्या मुख्य दाराला नव्हे, आतल्या या एकाच दाराला. वहिनी ओसरीत बसल्या होत्या, तोंड सुकलेलं. "उंदीर लय झालेत, म्हनून लावलंय," म्हणाल्या. त्यांची मुलगी सुप्रिया कॉलेजची पिशवी घेऊन मागे उभी होती. तिने जिन्यात मला गाठलं आणि खालमानेने सांगितलं, "बाबांना राग आला की ते ताट लाथाडतात आणि किचनला कुलूप लावून किल्ली ऑफिसला घेऊन जातात. मला बाहेर खायला पैसे देतात. आईला नाही."

मला ते कळायलाच दोन क्षण लागले. जी बाई रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला उपाशी जाऊ देत नव्हती, तिला तिच्याच घरात उपाशी ठेवलं जात होतं. तेही पोटाला मार बसावा म्हणून नव्हे, तर तिच्या जीवाला जे सगळ्यांत जास्त लागतं तेच हेरून. मी वरून पोळीभाजी घेऊन गेले. त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली आणि माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, कोनाला सांगू नका. मना लाज वाटते." लाज म्हणे त्यांना! कुलूप लावणारा संध्याकाळी मंडपात पहिल्या रांगेत बसून आरती म्हणत होता.

पुढे एका रविवारी तो न सांगता चार मित्र घेऊन जेवायला आला. मटण शिजायला वेळ होता. मित्रांसमोर खाली पाहावं लागलं म्हणून ते गेल्यावर त्याने वहिनींचा उजवा हात दाराच्या चौकटीवर धरून पिरगाळला. किंकाळी ऐकून मी धावत खाली गेले तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. मनगट भलत्याच बाजूला वळलेलं आणि बोटांना अजून भाकरीचं पीठ. मला वाटलं आता म्हणतील, मोरीत घसरले. त्या म्हणाल्या, "बाई, रिक्शा बोलवा. चौकीवर जायचंय."

चौकीवरच्या हवालदाराने पाणी दिलं, पंखा लावला आणि जे तो रोज कुणाला ना कुणाला सांगत असणार तेच सांगितलं, "घरातलं आहे वहिनी, घरातच मिटवा." हिरावहिनींनी तो मोडका हात टेबलावर ठेवला. "मार खाल्ला तवा मी गप व्हते. कुलूप लावलान तवाबी गप व्हते. पन यो भाकरी थापायचा हात हाय. यो मोडलान. आता नाय मिटत." मग एक्स-रे झाला, प्लॅस्टर झालं आणि बायकोच्या छळाचं चारशे अठ्ठ्याण्णव-अ आणि हाड मोडल्याचं कलम लागून गुन्हा दाखल झाला. दामूशेठला त्याच रात्री उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच हवालदार पंचनाम्याला घरी आला, तर दारात वहिनी विचारतायत, "जेवलात का?" डाव्या हाताने वाढलेलं ते सगळं त्याने निवांत खाल्लं आणि हात धुताना पुन्हा म्हणाला, "एवढं भरलं घर आहे वहिनी. विचार करा." तिचं खाऊन तिलाच शहाणपण शिकवणाऱ्यांची आपल्याकडे कधी टंचाई पडली नाही.

आणि त्याच दुपारी त्यांनी ते केलं, ज्यावरून मी त्यांच्याशी आयुष्यात एकदाच कडाडून भांडले. मी शाळेतून आले तर गळ्यात हात बांधलेल्या हिरावहिनी डाव्या हातात डबा घेऊन रिक्षात बसत होत्या. भात, वालाचं बिरडं आणि तळलेले बोंबील. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "लॉकअपमदी. त्याला साखर हाय. गोळी घेतो आनि वेळेवर नाय जेवला तर चक्कर येते."

"ज्याने हात मोडला त्याला बोंबील तळून नेताय?" मी रस्त्यातच ओरडले. "त्याने तुम्हाला कुलूप लावून उपाशी ठेवलं होतं, विसरलात?"

"नाय इसरले," त्या म्हणाल्या. "म्हनून तर नेतंय." आणि रिक्षावाल्याला चल म्हणाल्या.

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. चौकीवर मात्र हसू पिकलं. फिर्यादीही हीच आणि डबेवालीही हीच, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते दामूशेठने भात कालवता कालवता नीट लक्षात ठेवलं.

सरकारी नोकर दोन दिवसांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की निलंबित होतो, हे आमच्या गल्लीला तेव्हा कळलं. जामीन व्हायला तिसरा दिवस उजाडला आणि दामूशेठ निलंबित होऊन भावाच्या घरी बसला. इथून पुढे जे झालं त्याचा मला आजही संताप येतो. मारलं कुणी? त्याने. गुन्हा कुणाचा? त्याचा. पण शिक्षा झाली तर काय काय होईल याचं ओझं आणून टाकलं ते तिच्या डोक्यावर. तिचा दीर गावातले दोन कर्ते घेऊन आला. ओसरीत बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "वयनी, दादाला सजा लागली तर नोकरी जाईल. नोकरी गेली तर पेन्शन जाईल. तू काय खाशील?"

"नोकरी व्हती तवा मी काय खात व्हते, ते इचारलंस का कंदी?" वहिनी म्हणाल्या. दिराने कप खाली ठेवला.

अशी केस मागे घेता येत नाही, हे दामूशेठच्या वकिलाने दिराला सांगितलं होतं. पण पाडता येते. तिने फक्त पिंजऱ्यात उभं राहून म्हणायचं, की मी घसरून पडले, रागाच्या भरात तक्रार दिली, मारहाण झालीच नाही. एवढ्या तीन वाक्यांत दामूशेठ सुटणार होता. म्हणजे सगळं तिच्या जिभेवर आलं आणि सगळे तिच्या जिभेच्या मागे लागले. देवीला नेऊन शपथ घालून झाली. तिच्या माहेरचे भाऊ येऊन गेले, त्यांनी बहिणीचा हात बघितला आणि भाऊजींची बाजू मांडली. माझ्या नवऱ्यालाही कुणीतरी बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या मिसेसना आवरा. आवरणारा माणूस आमच्या घरी नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

सगळ्यांत वाईट होतं ते सुप्रियाचं. वांगणीच्या एका घरातून तिला मागणी आली होती, मुलगा तिला आवडलेला. मुलाकडचे म्हणाले, बाप जेलमध्ये गेला तर आम्हाला जमणार नाही. सुप्रिया आईच्या पायाशी बसून रडली. "आई, एकदा बोल ना खोटं. माझ्यासाठी. इतकी वर्षं तर बोललीस." तो शेवटचा शब्द वहिनींना लागला असणार. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला, प्लॅस्टर निघाल्यावरही सरळ न होणारा तो हात. "म्हनूनच नाय बोलनार, बाय. मी खोटं बोलत ऱ्हायले आनि तुना वाटलं आसंच आसतं." सुप्रिया त्या रात्री काकाकडे राहायला गेली. मागणीही मोडली. आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत तिने पॅकिंगचं काम धरलं आणि आईशी बोलणं टाकलं.

साक्षीची तारीख लागायलाच दोन पावसाळे गेले. उल्हासनगरच्या कोर्टात मी वहिनींबरोबर गेले. सरकारी वकीलबाई तिथल्याच, सिंधी. मराठी कामापुरतं यायचं, पण जीव लावून काम करायच्या. "आंटी, घाबरायचं नाय. जे झालं तेच बोलायचं. जितना पूछा उतनाच," त्यांनी बजावलं. वहिनींनी मान हलवली आणि विचारलं, "तुम्ही जेवल्या का?" बाकांवर गावातली निम्मी माणसं बसली होती. दामूशेठ पांढऱ्या शर्टात, कपाळाला टिळा लावून, देवळात आल्यासारखा उभा. त्याला वाटत होतं ही फिरणार. दिराने त्याच सकाळी जिन्यात तिला अडवून शेवटचं विचारलं होतं आणि ती त्याला वळसा घालून रिक्षात जाऊन बसली होती. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती.

शपथ झाली. वकीलबाईंनी विचारलं आणि वहिनींनी सांगितलं. मार, कुलूप, किल्ली, चौकट, हात. एकेक गोष्ट, डोळ्यांत पाणी न आणता. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली ती न्यायाधीशबाईंनी वर बघितल्यावर थांबली. मग आरोपीचे वकील उठले. आवाज मऊ ठेवून त्यांनी विचारलं, "तुम्ही तक्रार दिलीत, त्याच्या दुसऱ्या दिवशी आरोपीला पोलीस कोठडीत डबा नेला होता. खरं आहे?"

"हो."

"काय होतं डब्यात?"

"भात, बिरडं, बोंबील."

"स्वतः केलं होतं? प्लॅस्टरच्या हाताने?"

"डाव्या हातानी केलं."

वकिलांनी बाकांकडे एकदा हसून पाहिलं. "म्हणजे ज्याने तुमचा हात मोडला म्हणता, त्याला तुम्ही दुसऱ्या हाताने बोंबील तळून नेलेत. ज्याने तुम्हाला उपाशी ठेवलं म्हणता, त्याला भरवायला गेलात. असं कुणी करतं का? मी तुम्हाला सुचवतो, की त्याने तुम्हाला कधी मारलंच नाही, कधी उपाशी ठेवलंच नाही. तुम्ही मोरीत घसरलात आणि रागाच्या भरात खोटी केस केलीत."

मागे कुणीतरी हसलं. तो डबा आता असा समोर येणार हे मला दोन वर्षांपूर्वी रस्त्यातच ओरडताना कळायला हवं होतं, पण कुणाला सुचतं? वहिनी खाली बघत उभ्या होत्या. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "उत्तर द्या."

"साहेब," वहिनी वकिलांना म्हणाल्या, "उपाशी ठेवायची खोड त्याची. माझी नाय."

न्यायाधीशबाईंनी त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि टायपिंग करणाऱ्याला वाक्य दिलं. 'आरोपीस उपाशी ठेवण्याची माझी इच्छा नव्हती म्हणून मी त्यास जेवण दिले.' अर्थ तोच म्हणायचा, पण माझा जीव तडफडला. वहिनी अजून थांबल्या नव्हत्या. वाकडा हात समोर करून म्हणाल्या, "आनि हात यानीच मोडलान. यो उभा हाय तो. पांढरा शर्ट. मोरीत मी कंदीच नाय घसरले. ते मी खोटं बोलत व्हते, सगल्यांना. आज खरं बोलतंय."

वकिलांनी आणखी काही प्रश्न विचारले, पण त्यात जोर उरला नव्हता. बाहेर आल्यावर वहिनींनी माझ्याकडे चहा मागितला. एरवी त्या स्वतःहून कधी काही मागायच्या नाहीत. कोर्टासमोरच्या टपरीवर बाकड्यावर बसून त्यांनी दोन कप चहा प्यायला.

निकाल लागला. दोषी. एक वर्षाची कैद आणि दंड. आणि अपील करायचं म्हणून त्याच दिवशी जामीन! सकाळी दोषी ठरलेला माणूस संध्याकाळी स्वतःच्या गाडीतून खरवईत उतरला आणि लोक त्याला भेटायला गेले. ढोल तेवढा नव्हता. नोकरी मात्र गेली. त्यावर गावाने आपला निकाल दिला, 'बायकोने नवऱ्याच्या ताटात माती कालवली.' वहिनींना हळदीची बोलावणी यायची बंद झाली. ज्यांच्या घरच्या प्रत्येक कार्यात या बाईने रात्र रात्र भाकऱ्या थापल्या होत्या, त्यांनी दारावरून जाताना मान वळवायला सुरुवात केली. हात मोडणारा माणूस मंडळाच्या मंडपात पूर्वीसारखाच पहिल्या रांगेत बसे. मी एकदा त्या मंडळाच्या लोकांना जाऊन चार शब्द ऐकवले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेरच्या. तुम्हाला आमची रीत नाय कळायची." तुमची रीत मला चांगली कळली आहे, म्हटलं, म्हणूनच आले. वहिनींना हे समजलं तेव्हा त्या हसल्या. "कशाला घसा कोरडा करतंस? घरी आले तर त्यांनाबी वाढीन मी." आणि खरंच वाढलं असतं. यावर माझा राग आजही गेलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांना डेंग्यू झाला. चार दिवस दवाखान्यात होत्या. सुप्रियाला मी फोन केला. ती कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच आली आणि शेवटपर्यंत उशाशी बसून होती. माय-लेकींचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. मी बाहेर बाकड्यावर होते.

चौथ्या दिवशी त्या गेल्या. घरी आणल्यावर त्यांना न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, हिरवा चुडा भरला. ज्या बायका दोन वर्षं तोंड फिरवून जात होत्या त्या सगळ्या आल्या आणि पाया पडायला रांग लावली. "अहेव गेली. भाग्याची बाई." मी कानावर हात ठेवले. काय भाग्य! नवरा जिवंत आहे एवढंच बघायचं, तो कसा आहे हे बघायचंच नाही. मग दीर पुढे आला आणि म्हणाला, "जरा वाट द्या. दादाला येऊ द्या. कुंकू त्यानीच लावायचं असतं." गर्दी दुभंगली. दामूशेठ डोळे पुसत आला, हातात कुंकवाचा करंडा. चार बायकांनी त्याच्यासाठी हुंदके दिले.

सुप्रिया आईच्या उशाशी बसली होती. ती उठली आणि मध्ये उभी राहिली. "ह्यांचा हात आईला लागायचा नाय."

"पोरी, ही वेळ आहे का?" दीर म्हणाला.

"हीच वेळ आहे," ती म्हणाली. आणि मग त्या अंगणात, सगळ्या गावासमोर, तिने सांगायला सुरुवात केली. कुलूप कुठल्या दाराला असायचं, किल्ली कुणाच्या खिशात असायची, आई न जेवता कशी बसून राहायची, आणि तिला स्वतःला बाहेर खायला पैसे कसे मिळायचे. "मी कोर्टात आले नव्हते. तेव्हा आई एकटी बोलली. आता मी बोलते." कुणी तिला थांबवलं नाही. दामूशेठच्या हातातला करंडा कुणीतरी काढून घेतला आणि सुप्रियाच्या पुढे केला, की तू तरी लाव, सवाष्णीचं कपाळ रिकामं जायला नको. तिने तो घेतला नाही. "रिकामंच जाऊ दे," म्हणाली. बायकांमध्ये गलका झाला, कुणी देवाचं नाव घेतलं, पण कपाळ तसंच राहिलं आणि तशीच तिला नेली.

दामूशेठचं अपील अजून चालू आहे. तारखा पडतात. परवा दीर मला जिन्यात भेटला आणि म्हणाला, बाई, जिनी साक्ष दिली तीच राहिली नाही, आता केसमध्ये काय उरलं? मी आमच्या त्या सिंधी वकीलबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, जे बोलल्या ते रेकॉर्डवर आहे, अपिलात तेच वाचलं जाणार. मी खाली उतरले आणि दिराला त्याच्या दारात गाठून सांगितलं, की साक्ष जशीच्या तशी आहे, आणि आता वहिनींना समजवायला तुम्हाला कुणालाच जाता येणार नाही.